आण्णांची बतावणी

"वय किती, आण्णा?"

"तुमाला किती वाटतं, सायेब?"

"पंच्याहत्तर असावं."

"मग तेवढंच लिवा. शिकल्याला मानूस चुकीचं कशाला बोलंल?"

केसपेपर घेऊन रांगेत उभी असलेली माणसं हसली. मीही हसलो. आण्णांबरोबर आलेला त्यांचा मुलगा मात्र हसला नाही.

"आज वार कोणता?" मी पुढे विचारलं.

"दवाखाना उघडा हाय, म्हंजे रविवार न्हाई."

"आपले मुख्यमंत्री कोण आहेत?"

"कुनी बी असू द्या. भाताची लावनी आपल्यालाच करायची हाय."

मग मी त्यांना तीन शब्द सांगितले: आंबा, घर, रुपया. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून ते तीन शब्द परत विचारले. आण्णांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. "सांग की रं, डॉक्टर काय इचारत्यात." तीनपैकी एकही शब्द त्यांच्याजवळ उरला नव्हता. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसले.

आण्णांना स्मृतिभ्रंश होता आणि तो बहुधा दोन वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन वर्षं घरात कुणाच्या लक्षात का आलं नाही, हा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर मुलाने दिलं. "साहेब, आण्णा आमच्या अंदर मावळातले जुने सोंगाडे. गावच्या तमाशात पंचवीस वर्षं काम केलं. शब्दात कुणाला सापडायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, चेष्टाच करतायत."

आण्णा चेष्टा करत नव्हते. हरवलेल्या शब्दाच्या जागी हाताला येईल तो शब्द लावून ते वेळ निभावून नेत होते. रंगमंचावर आयुष्यभर जे केलं, तेच ते आता आजाराशी करत होते.

संहितेत नसलेलं वाक्य

ज्यांनी तमाशा पाहिला आहे, त्यांना गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग हा क्रम ठाऊक असतो. त्यातली बतावणी ही सरदार आणि सोंगाड्या यांची जुगलबंदी. जुन्या फडांत वगाची सगळी वाक्यं कागदावर लिहिलेली नसत. कथा काय, कोण राजा, कोण प्रधान, कुठे गाणं येणार, एवढं ठरलेलं असे. बाकीचं बोलणं उभ्या उभ्या रचायचं. कोकणातल्या दशावतारात आजही हेच चालतं. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशा मंडळांचे कलाकार रात्री आख्यान आणि पात्रं ठरवतात, तोंडाला रंग लावतात आणि देव-दानवांचे संवाद त्या रात्री तिथेच जन्माला येतात.

लिहिलेल्या लोकनाट्यातही ही जागा राहतेच. वसंत सबनीस यांचं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 साली रंगमंचावर आलं. त्यातल्या दादा कोंडके यांच्या हवालदाराने पुढे दीड हजारांहून अधिक प्रयोग गाजवले. ताज्या घडामोडींवरच्या त्यांच्या कोपरखळ्या प्रयोगागणिक बदलत, म्हणून तेच लोकनाट्य पुन्हा पाहायला येणारे प्रेक्षकही खूप. नाटक तेच, पण आजचा दादा वेगळा, ही त्या तिकिटाची किंमत होती.

तळेगावात कलापिनीच्या डॉ. शं. वा. परांजपे नाट्यसंकुलात नाटक पाहताना मी कधी कधी एका वेगळ्याच क्षणाची वाट पाहतो. एखादा नट वाक्य विसरतो, अर्धा सेकंद शांतता पसरते आणि समोरचा नट संहितेत नसलेलं एखादं वाक्य टाकून त्याला सांभाळून घेतो. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. विसरणारा एक आणि सावरणारा दुसरा, ही जोडी लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आपण सगळेच सोंगाडे

आयत्या वेळी बोलणं ही काही मोजक्या कलावंतांना मिळालेली देणगी आहे, असा आपला समज असतो. पण भाषेचे अभ्यासक वेगळंच सांगतात. 2009 मध्ये दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सर्वसाधारणपणे सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे 200 मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. आता गंमत पाहा. समोरचं चित्र ओळखून त्याचं नाव उच्चारायलासुद्धा मेंदूला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर जुळवू लागतो. भाजीवालीशी घासाघीस करणारी गृहिणी, प्रवाशांशी हुज्जत घालणारा कंडक्टर आणि ओपीडीत बसलेला मी, आम्ही सगळे दिवसभर संहितेशिवायच बोलत असतो.

मग सोंगाड्या वेगळा कशात? दोन गोष्टींत. पहिली, त्याचा साठा मोठा असतो. म्हणी, कोटी, गाण्यांचे मुखडे, जुन्या बतावण्यांचे तुकडे, गावातल्या माणसांच्या लकबी असं हजारो तुकड्यांचं कोठार त्याच्याजवळ भरलेलं असतं. तो शून्यातून काही आणत नाही. असलेल्या तुकड्यांची नवी जोडणी करतो. दुसरी गोष्ट, 'हे बोलू का नको' असं विचारणारा आपल्या आतला पहारेकरी त्याला थोडा वेळ बाजूला बसवता येतो.

या पहारेकऱ्याचा माग शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. अमेरिकेतले कान-नाक-घसातज्ज्ञ चार्ल्स लिंब आणि त्यांचे सहकारी ॲलन ब्रॉन यांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि धातू नसलेला खास छोटा कीबोर्ड वाजवायला दिला. आधी पाठ केलेली धून, मग तिथेच सुचेल ती. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: उत्स्फूर्त वादन करताना कपाळामागच्या मेंदूतला बाहेरच्या बाजूचा भाग शांत झाला. स्वतःवर नजर ठेवणं, चूक पकडणं, आखणी करणं ही कामं या भागाकडे असतात. त्याच वेळी स्वतःबद्दलच्या विचारांशी आणि स्वतःला व्यक्त करण्याशी संबंधित असलेला मधला भाग अधिक सक्रिय झाला. चार वर्षांनी बारा रॅप गायकांना यंत्रात आयत्या वेळी ओळी रचायला सांगितलं, तेव्हाही साधारण तसंच चित्र दिसलं. इथे वाद्य नव्हतं, शब्द होते, म्हणून भाषेशी संबंधित भागही उजळले.

हे प्रयोग छोटे आहेत. एमआरआय मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल दाखवतो, विचार दाखवत नाही, हेही खरं. पण सभेत बोलायला उभं राहिल्यावर 'चुकलो तर' या एका विचाराने जीभ टाळूला का चिकटते, याचा थोडा अंदाज यातून येतो. त्या वेळी पहारेकरी जरुरीपेक्षा जास्त जागा असतो.

कोठार रिकामं होताना

स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरमध्ये, आधी ताज्या आठवणी जातात. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण लग्नात कुणी मानपान केला नाही ते आठवतं. बोलण्याची लय, नमस्कार-चमत्कार, हसण्याची जागा ही कौशल्यं बराच काळ टिकतात. त्यामुळे पाहुणे येऊन तासभर गप्पा मारून जातात आणि जाताना म्हणतात, "यांना काय धाड भरलीय? छान तर बोलतात!" आजार तारखांत, हिशेबात आणि नव्या गोष्टींत लपलेला असतो. हजरजबाबी माणसात तो आणखी खोल लपतो. म्हणून साध्या प्रश्नाला दर वेळी विनोदाने उत्तर येत असेल किंवा उत्तरासाठी मान सारखी बायको-मुलांकडे वळत असेल, तर त्याची दखल घ्या. उत्तरासाठी सोबतच्या माणसाकडे मान वळणं ही आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची खूण आहे.

आणखी एक गोष्ट घडते. आठवणीत खड्डा पडला की मेंदू तो कधी कधी स्वतःच बुजवतो. मी आण्णांना विचारलं, "सकाळी काय खाल्लं?" ते ठामपणे म्हणाले, "पिठलं-भाकर." मुलगा कळवळून म्हणाला, "साहेब, चहासुद्धा घेतलेला नाही. खोटं बोलतायत." हे खोटं नव्हे. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. इथे मेंदू जुन्या साठ्यातून नेहमीची सकाळ उचलतो आणि आजच्या जागी बसवतो, आणि माणसाला ती मनापासून खरी वाटते. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांत थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्मृतिविकारातही असं ठळकपणे दिसतं. रंगमंचावर सोंगाड्याला आपण रचतोय याची जाणीव असते. आजारात तेवढी जाणीव निघून जाते आणि रचणं चालू राहतं.

सिस्टरांनी घेतलेली सरदाराची जागा

तपासण्यांसाठी आण्णा दोन दिवस वॉर्डात होते. पहिल्या संध्याकाळी ते उठून दाराकडे निघाले. "आमची मंडळी कुठं ऱ्हायली? अंधार पडला." मुलगा म्हणाला, "आण्णा, असं काय करता? आई जाऊन सहा वर्षं झाली." आण्णा मटकन खाली बसले आणि नुकतीच बातमी कळावी तसे रडले. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. मुलगा खरं तेच सांगत होता. पण त्या एका संध्याकाळी त्याने वडिलांना तीनदा विधुर केलं.

चौथ्या वेळी ड्यूटीवरच्या सिस्टर पुढे झाल्या. वयाने पन्नाशीच्या, मावळातल्याच. त्या म्हणाल्या, "बाबा, मंडळींची आठवण येतीय व्हय?"

"येनारच की."

"हाताला चव कशी होती त्यांच्या?"

"मासवडी करावी तर तिनंच."

"मग बसा, मला सांगा. सारणात काय काय घालायच्या त्या?"

आण्णा बसले. तीळ, खोबरं, लसूण यांवर पंधरा मिनिटं बोलले आणि झोपले. सिस्टर खोटं बोलल्या नाहीत. 'त्या येतायत' असं म्हणाल्या नाहीत आणि 'त्या गेल्या' असंही नाही. त्यांनी आण्णांच्या वाक्यातली भावना मान्य केली आणि तिला पुढची वाट करून दिली.

बतावणीत सरदार नेमकं हेच करतो. सोंगाड्या म्हणतो, "मी काल दिल्लीला चालत जाऊन आलो." यावर सरदार "शक्य नाही" म्हणाला, तर बतावणी तिथेच संपते. चांगला सरदार म्हणतो, "असं? मग वाटेत मुक्काम कुठं केलास?" सोंगाड्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि खेळ पुढे सरकतो. टाळ्या सोंगाड्याला मिळतात, पण त्याला तोलून धरतो तो सरदार.

तिकडे शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी रचलेल्या नाट्यखेळांतून उत्स्फूर्त नाट्याची एक परंपरा उभी राहिली. त्यांच्या मुलाने इतरांबरोबर 1959 मध्ये 'सेकंड सिटी' हे प्रसिद्ध नाट्यगृह सुरू केलं. या परंपरेतला पहिला धडा असा: समोरच्याने जे दिलं ते स्वीकारा आणि त्यात आपली भर घाला. 'नाही, पण' ऐवजी 'हो, आणि'. आज अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना हेच तंत्र शिकवलं जातं, आणि काही वैद्यकीय विद्यालयांत होऊ घातलेल्या डॉक्टरांनाही. आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून रुग्णाशी संवाद हा विषय रीतसर आला. माझ्या पिढीला तो कुणी शिकवला नाही. तीस वर्षं मी रुग्णांना 'आज सोमवार नाही, बुधवार आहे' असं सुधारत आलो. सिस्टरांकडे त्या संध्याकाळी पाहिल्यावर मला माझी चूक उमगली.

घरी काय करता येईल

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांची काळजी घरातच, सून, मुलगी, मुलगा, नाही तर म्हातारी बायको घेते. त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो.

चूक दुरुस्त करण्याआधी स्वतःला विचारा, ही चूक तशीच राहिली तर कुणाचं काही बिघडतं का? वार चुकला, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, तर काहीही बिघडत नाही. जाऊ द्या.

'आठवतंय का?' हा प्रश्न टाळा. ती परीक्षा आहे आणि त्यात ते नापास होणार हे आपल्याला माहीत असतं. त्याऐवजी "तुम्ही तमाशात मावशीचं सोंग घ्यायचात म्हणे," असं म्हणून धागा त्यांच्या हातात द्या.

शब्दांमागची भावना पकडा. "मला घरी जायचंय," असं स्वतःच्याच घरात बसून म्हणणाऱ्याला बहुधा भीती किंवा एकटेपणा जाणवत असतो. कधी लघवीला लागलेली असते, कधी भूक. ती गरज आधी बघा.

एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. आपल्या 200 मिलिसेकंदांच्या गतीने ते धावू शकत नाहीत.

मात्र प्रत्येक गोष्टीत 'हो' म्हणायचं नाही. औषधं, गॅस, रस्ता, विहीर, पैशांचे व्यवहार आणि अंगठे यांबाबत खेळ बंद. तिथे वाद न घालता, पण ठामपणे, ती गोष्टच हातातून काढून घ्यावी.

हा धोका ओळखा

काल बरा असलेला म्हातारा माणूस आज एकाएकी असंबद्ध बोलू लागला, दिवसभर गुंगीत आणि रात्री भ्रमात असेल, तर तो 'वयाचा परिणाम' नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर उतरणं, पक्षाघात, औषधांचा दुष्परिणाम अशी कारणं त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालयात आणा. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही वृद्धांचा गोंधळ वाढतो. दुकानातून परस्पर आणून त्या देऊ नका.

हळूहळू वाढणाऱ्या विस्मरणातही काही कारणं उपचारांनी सुधारणारी असतात. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड कमी असणं, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त. म्हणून तपासणी न करता 'म्हातारचळ' हा शिक्का मारू नये. मानसिक ताण असह्य होणाऱ्या नातेवाइकांसाठी 'टेलिमानस'चा 14416 आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा 14567 हे निःशुल्क क्रमांक आहेत. काळजी घेणाराही थकतो आणि एखाद्या दिवशी ओरडतो. त्याने स्वतःला गुन्हेगार समजू नये.

आण्णांच्या तपासण्यांत उलटवता येईल असं काही सापडलं नाही. गोळ्या सुरू केल्या. त्या काहींना थोडा काळ आधार देतात. आजार थांबवत नाहीत. हे मी मुलाला स्पष्ट सांगितलं आणि सिस्टरांनी काय केलं तेही समजावून दिलं. "म्हणजे मी सरदार व्हायचं," एवढंच तो म्हणाला.

वर्षभराने भातलावणी उरकल्यावर दोघे पुन्हा आले. आण्णा वाळले होते, बोलणंही कमी झालं होतं. बाकावर बसल्यावर त्यांनी शेजारच्या मुलाकडे निरखून पाहिलं.

"कुन्या गावचं पाव्हनं तुमी?"

मुलगा क्षणभर थांबला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता. "हितलंच की आण्णा. तुमच्याच आळीतला."

"मग च्या घेऊन जावा."

"घेतो की. तुमी बी घ्या माझ्यासंगं."

आण्णा मान डोलावून हसले आणि त्यांनी मुलाचा हात हातात घेतला. मी पुढचा नंबर पुकारायला दोन मिनिटं उशीर केला.